खाडीची ओटी

देवावर माझा विश्वास होता, पण तो आपल्या घरगुती भानगडीत लक्ष घालत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणून सासूबाईंनी अन्न सोडलं तेव्हा मी आधी डॉक्टरांकडे गेले. "या वयात नुसत्या दूध-केळ्यावर राहणं बरं नाही, समजूत घाला," ते म्हणाले. सासूबाईंची समजूत! आमच्या घरात ते आजवर कुणाला जमलं नव्हतं.

झालं होतं ते असं. आम्ही वाशीला घर घेतलं तेव्हा खाडीवर फक्त मोटारींचा पूल होता. रेल्वे येणार, येणार, असं ऐकत आम्ही वर्षानुवर्षं बसच्या रांगेत उभे राहिलो. शेजारी रेल्वेच्या पुलाचे खांब पाण्यातून वर येताना दिसायचे आणि सासूबाई बसच्या खिडकीतून त्यांना हात जोडायच्या. गाडी सुरू झाली की खाडीची ओटी भरीन, असं त्या बोलून बसल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मानखुर्दहून वाशीला गाडी धावू लागली आणि आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. लगेचच एका दुपारी, जवळजवळ रिकाम्या डब्यात, आम्ही दोघी नटूनथटून बसलो. खण, नारळ, बांगड्या आणि देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेच्या वाटीतले तांदूळ अशी पुरचुंडी सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून दारातून खाडीत सोडली. त्यांना इतका आनंद झाला की डब्यातल्या अनोळखी माणसांनाही त्यांनी साखर वाटली.

घरी येऊन पाहतात तर वाटी रिकामी. घाईघाईत तांदूळ ओतताना त्यात बसलेली अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णाही पुरचुंडीत गेली होती. ती त्यांना लग्नात त्यांच्या आईने दिलेली. त्या रडल्या नाहीत. "अन्नपूर्णाच घालवली मी. आता या घरातलं अन्न मला नको," एवढंच म्हणाल्या. ह्यांनी दादरहून नवी आणली, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बघता बघता त्या अशा वाळल्या की बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या.

एके दिवशी सकाळी त्यांना भोवळ आली. मी कामावरून लवकर निघाले, पण वाशीला उतरल्यावर घरी जायला पाय उचलेना. फलाटावरच्या बाकावर बसले आणि मनात म्हटलं, आता तूच बघ रे बाबा, मी हात टेकले. आणि चक्क रडू लागले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला रुळांची देखभाल करणारा एक गँगमन पाणी पीत होता.

"काय झालं वो ताई?"

का कोण जाणे, मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो हसायलाच लागला.

"खाडीत? आवं, ह्यो काय जुना लोखंडी पूल हाय व्हय, खालनं समदं पडायला? ह्याला शिमिटाची जमीन हाय. लोक नारळ टाकत्यात अन् त्ये येतंय माज्या पायात. तुमची देवी माज्या घरी हाय, ताई. तांदळात बसलीया."

मी बसल्या जागी हसत होते आणि रडतही होते.

त्याच दुपारी सासूबाईंना रिक्षात घालून मी त्याच्या पत्र्याच्या खोलीवर गेले. त्याची बायको अगदी कोवळी पोर होती. स्टीलच्या वाटीत तांदळावर अन्नपूर्णा बसलेली, हळदकुंकू लावलेलं, वर ताजं फूल. "नारळाची मातर चटणी केली आमी," ती ओशाळून म्हणाली. सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. तिने देवी त्याच खणात गुंडाळून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "उपाशी जाऊ नगा, आई. पिठलं-भाकर हाय."

माझा जीव मुठीत. पण सासूबाई सरळ जमिनीवर बसल्या, भाकरी संपवली आणि अजून अर्धी मागून घेतली.

निघताना त्यांनी विचारलं, "तुझी अन्नपूर्णा कुठंय गं? आईनं लग्नात दिली नाही?"

"आय मी ल्हान असतानाच गेली."

सासूबाईंनी खण सोडला आणि देवी परत त्या वाटीत बसवली. पोरीने वाकून त्यांचे पाय धरले आणि ती मोकळेपणी रडली.

रिक्षात मला पुन्हा धाकधूक. "आई, देवी तर तिथेच राहिली. आता जेवणाचं काय?"

"अगं, लेकीला दिली ती. हरवली कुठे? घरी गेल्यावर आधी कुकर लाव."

पुढे रूळ बेलापूरला गेले, मग पनवेलला. त्या पुलावरून जाताना मी आजही हात जोडते. कुणी याला योगायोग म्हणतं, मी वाद घालत नाही. माझी धडपड संपली तिथे दुसऱ्या कुणीतरी काम हाती घेतलं, एवढं मला कळलं आणि त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. त्या संध्याकाळी सासूबाईंनी दोनदा भात मागून घेतला आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून मला चांगलं फैलावर घेतलं. इतक्या आनंदाने बोलणी मी आयुष्यात कधी खाल्ली नव्हती.