आवडेल आणि जाईन

कुणी ‘हो’ म्हणालं की मुलाणी मॅडम त्याला पुन्हा विचारायच्या, "तिकीट एवढं असेल. तरी जाल?" उत्तर बदललं की ‘जाईन’ खोडून नुसतं ‘आवडेल’ लिहायच्या.

२००९ साली मी लातूरहून येऊन हिंजवडीच्या एका सल्लागार कंपनीत लागलो, तेव्हा त्या माझ्या वरिष्ठ होत्या. पौडच्या, चाळिशीच्या, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. पुण्याहून मुंबईला अतिवेगवान रेल्वे परवडेल का, याचा अहवाल आमच्याकडे होता. अशा गाडीचा खर्च अफाट. डबे रोज भरले तरच तो निघणार. म्हणून किती लोक बसतील, या एका आकड्यावर सगळं उभं होतं.

कंपन्यांच्या दारात कॅबची वाट पाहणारी पोरं भाडं ऐकून हसायची. नुसत्या पगारदारांना विचारून भागणार नाही, म्हणून मॅडम मला पौडच्याही पुढे, माले गावापर्यंत घेऊन गेल्या. तिथली एक बाई म्हणाली, "मुंबईला लेक हाय माजी. वर्साकाठी एकदा जाते. लवकर जाऊन करू काय? ती कामावरनं सांजच्यालाच येती."

मॅडमनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. परतताना म्हणाल्या, "लोकांच्या वेळेची किंमत आपण आपल्या पगारावरून ठरवतो, सुहास. तिथंच चुकतं."

आकडा कमी आला. ‘आवडेल’ म्हणणाऱ्यांना ‘जाईन’मध्ये धरा, असं कंपनीच्या साहेबांनी सुचवलं. मॅडमनी नकार दिला. गाडी रिकामी धावली तर तिचा भार तिच्यात कधीच न बसणाऱ्यांवर पडेल, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मी दोन रकाने एक केले. दहा मिनिटंही लागली नाहीत. ‘परवडेल’ असा अहवाल गेला.

महिन्याभरात मॅडमना काढलं. त्यांचं अनुभवपत्र मलाच टाइप करायला लावलं. ‘कामात काटेकोरपणा नाही,’ असं त्यात होतं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं.

"हे तू टाइप केलंस?"

"हो, मॅडम."

"आणि आकडे?"

त्यांनी पत्राची घडी घातली. "अब्बांना हे वाचून दाखवता येणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या वर्षी अब्बा वारल्याचं कळलं, तेव्हा मी पौडला गेलो. मॅडमनी चहा दिला, माझ्या आईची चौकशी केली. रेल्वेचा विषय काढला नाही. मी माफी मागायला गेलो होतो. ती न मागताच परतलो.