मधली चित्रं

माझ्या आतेभावाने आयुष्यात एकही गोष्ट सबंध अशी पाहिली नाही. तुम्हाआम्हाला तव्यावरची भाकरी फुगलेली दिसते. त्याला ती फुगताना दिसायची, आणि तीही तुकड्यातुकड्याने. आधी कडेचा एक फोड, मग पलीकडचा दुसरा, मग दोघांची गाठभेट. तोवर भाकरी करपायची आणि आत्या त्याच्या हातातलं उलथनं काढून घ्यायची. हा गुण की रोग, यावर आमच्या घरात दोन तट होते आणि माझे वडील रोगवाल्यांचे पुढारी होते. भाचा मुंबईच्या कला महाविद्यालयात जाऊन हलती चित्रं काढायला शिकतो, हे त्यांना काही केल्या पचत नव्हतं. अंबरनाथला ते ज्या कारखान्यात होते तिथे त्यांनी त्याच्यासाठी अ‍ॅप्रेंटिसची जागा हेरून ठेवली होती. "शिकून करणार काय, तर बाहुल्या नाचवणार!" असं ते ज्याला त्याला ऐकवत. आत्या समोर आली की मात्र गप्प बसत, कारण ती त्यांची थोरली बहीण होती आणि तिच्यापुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. कॉम्प्युटर तेव्हा चपला बाहेर काढून लांबून बघायची वस्तू होती. हलतं चित्र म्हणजे हाताने काढायचं. पडद्यावर बाईने नुसता पदर सावरायचा म्हटलं तरी इकडे कागदांची चळत लागायची. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या दोन खोल्यांत त्याने आत्याच्या शोकेसची काच काढली आणि तिच्याखाली ट्यूबलाइट लावली. काचेवर कागदावर कागद ठेवायचा, खालचं चित्र वर उमटलेलं दिसतं, त्याच्याहून केसभर सरकवून पुढचं काढायचं. शोकेसमधले स्टीलचे पेले तेव्हापासून उघड्यावर पडले. पण कुणी विचारलं की आत्या, घरातलं एखादं मूल नोकरीला लागावं अशा थाटात सांगायची, "काच कामाला गेलीय."

रंगवायला पारदर्शक शीट लागत, आणि त्या विकत घेणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. त्यासाठी त्याने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एक भंगारवाले सिंधी सेठ गाठले होते. ते जुने एक्स-रे घेऊन त्यांतली चांदी काढायचे. चांदी गेली की मागे निळसर, आरपार दिसणारी फिल्म उरायची. "साईं, लोगों की हड्डी धो-धो के मेरे हाथ घिस गये, और तू उस पे कार्टून बनायेगा?" असं म्हणत सेठ त्यांतल्या चांगल्या चांगल्या त्याच्यासाठी बाजूला ठेवायचे. एकदा एक फिल्म नीट धुतली गेली नाही आणि याच्या नाचऱ्या हत्तीच्या पोटात कुणाच्या तरी बरगड्या दिसत राहिल्या. कॉलेजचे सर खूश झाले. हत्तीचं आतलं दुःख छान आलंय, म्हणाले. हे सांगताना माझा भाऊ अजिबात हसला नाही. "त्याला दुःख नव्हतं गं. त्याला नाचायचं होतं," एवढंच म्हणाला. असल्या बाबतींत तो फार गंभीर असे.

माणसांच्या चाली जमवायचा त्याला नाद होता. रस्त्यात एखाद्याची चाल आवडली की हा त्याच्या मागोमाग निघायचा. कॅम्प दोनच्या बाजारात एका कापडवाल्याच्या डुलत्या चालीचा त्याने तीन गल्ल्या पाठलाग केला. अखेर तो गृहस्थ घामाघूम होऊन वळला आणि म्हणाला, "साहब, सब कागज दुकान में है, चलो, बैठ के देख लो." हा खरंच जाऊन बसला. थंडा प्यायला आणि त्या गृहस्थाला पुन्हा एकदा दारापर्यंत चालून दाखवायला लावलं. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी वडिलांनी पालथ्या हाताने डोळे पुसले, तर हा त्यांच्या कोपरापाशी उभा. "मामा, परत एकदा पुसा ना. जरा सावकाश." वडिलांनी त्याच हाताने त्याला एक लगावली असती, पण मध्ये आत्या आली, आणि व्याह्यांसमोर शोभा नको म्हणून ते रुमाल शोधत बाजूला झाले.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला स्वतःची एक छोटी फिल्म करावी लागे. ती वेळेत झाली तर डिप्लोमा, नाहीतर वर्ष वाया. त्याने आत्यालाच घेतलं. गच्चीवर कुरडया घालणारी बाई, काठीने कावळे हाकते, ऊन कलतं, ती उठते, खाली जाते. संपलं. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच म्हणजे?" तो म्हणाला. आत्या मूळची जांभूळ गावची. एरवी शहरासारखं बोलायची, पण लाजली किंवा चिडली की गावची बोली वर यायची. गच्चीत हा समोर कागद घेऊन बसला की ती पदराने तोंड पुसत ओरडायची, "आरं, मना कनाला चितारतस? तोंडाव पीठ हाय!" त्याने ते पीठही काढलं.

आता त्यांच्या कामाची एक रीत असते, ती सांगायला हवी. हालचालीचं पहिलं चित्र आधी काढायचं, मग शेवटचं. मधली चित्रं सगळ्यात मागून भरायची. आत्या बसलेली आणि आत्या उभी, अशी दोन चित्रं तयार होती आणि मध्ये कोऱ्या कागदांचा गठ्ठा. "हे कधी भरणार?" मी एकदा विचारलं. "भरू. आई दिवसातून शंभरदा उठते," तो म्हणाला. पावसाळा सरत आला आणि आत्याला कावीळ झाली. हेंद्रेपाड्यातून तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात हलवलं. पंधरा दिवसांत ती गेली.

तेरावं झाल्यावर तो पुन्हा काचेपुढे बसला, आणि त्याला काही आठवेना. परक्या माणसांच्या चाली त्याच्या वह्यांत भरून राहिल्या होत्या. पण आई जमिनीवरून उठायची कशी, हे त्याला काढता येईना. हात आधी कुठला टेकायची? गुडघ्यावर कुठला? मध्येच क्षणभर थांबायची, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. गुडघा दुखायचा म्हणून थांबत असेल, असं धरून त्याने कागदांमागून कागद काढले, आणि गठ्ठा धरून अंगठ्याखालून पानं भराभर सोडून पाहिली की दर वेळी कुणी भलतीच बाई उठायची. मग त्याने आम्हांला विचारलं. शेजारचे काका म्हणाले, उजवा हात. मी म्हटलं, डावा. शेजारच्या काकू म्हणाल्या, छे, त्या भिंत धरायच्या. प्रत्येकाने बसून उठून दाखवलं आणि प्रत्येक जण आपापल्यासारखा उठला. तेवढ्यात कुणी एक लांबचे पाहुणे भेटायला आले. आम्ही सगळेच उठबस करतोय हे पाहून, असेल यांच्यात काही रीत, असं समजून बिचारे तेही दोनदा बसले आणि उठले. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसला होता.

कॉलेजने मुदत वाढवून दिली, तीही संपत आली. सर म्हणाले, कोणाचंही उठणं काढ, पाहणाऱ्याला काय कळतंय? तो घरी येऊन मला म्हणाला, "तिच्या अंगात दुसरीचं उठणं कसं घालू?" त्याने फिल्म सोडून द्यायचं ठरवलं होतं. वडिलांना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता अ‍ॅप्रेंटिसची जागा पुन्हा निघणार. पण त्यांनी आईला एवढंच सांगितलं, रविवारी जेवायला बोलाव त्याला.

त्या रविवारी आम्ही सगळे अंबरनाथला जमलो. माणसं जास्त, म्हणून टेबल सरकवून जमिनीवरच पानं मांडली. वडील गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत खाली बसले नव्हते. त्यांचं जेवण आधी झालं आणि ते उठले. डावा तळवा जमिनीला टेकला, अंग थोडं वळवलं, उजवा हात गुडघ्यावर घेतला, अर्ध्यावर आले आणि थांबले. मान डावीकडे कलली, जरा पुढे झाली, आणि मग ते सरळ उभे राहिले. माझ्या भावाचा घास हातातच राहिला.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही मध्ये का थांबलात?"

"कुठे थांबलो?"

"थांबलात. मान कलवलीत. गुडघा दुखला का?"

वडिलांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ते पुन्हा खाली बसले, पुन्हा उठले, आणि पुन्हा तसेच अर्ध्यावर थांबले. या वेळी थांबून राहिले. मग हळूच म्हणाले, "अरे, हा तर वासा."

जांभूळला त्यांची चूल पडवीत असायची आणि तिथे छप्पर फार उतरतं होतं. वाशाखाली बसून जेवायचं. उठताना अर्ध्यावर थांबून, मान काढून मग सरळ व्हायचं, नाहीतर कपाळमोक्ष. "ताईच्या भुवईवर ती खूण होती ना, ती त्याचीच. तेव्हापासून ती मला रोज बजावायची, थांब, मग ऊठ." ते घर कधीच गेलं होतं, त्या जागेवर आता दुसऱ्याच कुणाची भिंत आहे. पण दोघं बहीणभाऊ जन्मभर त्या वाशाखालून उठत राहिले आणि आम्ही सगळे त्याला गुडघेदुखी समजत आलो. त्या दुपारी माझे वडील, बाहुल्यांचा एवढा राग असलेला माणूस, गुडघे धरून भाच्यासमोर उठत आणि बसत राहिले. आईने दोनदा पुरे म्हणून सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तो गठ्ठा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी ती चित्रं कॉलेजच्या कॅमेऱ्याखाली जायची होती. वडिलांना खिडकीशी बसवून त्याने पानं अंगठ्याखालून सोडली, आणि आमची आत्या उठली. तीच. पदर सावरून, अर्ध्यावर थांबून, मान काढून. वडिलांनी मानेनेच खूण केली, पुन्हा. ती पुन्हा उठली. असं किती वेळ चाललं कोण जाणे; नुसता कागदांचा आवाज.

शेवटी वडिलांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आता बसू दे तिला," ते म्हणाले. "दमली असेल."

त्याने गठ्ठा फिरवून धरला आणि पानं शेवटाकडून सोडली. आत्या वाकली, तिने मान जपून आत घेतली, आणि आपल्या कुरडयांपाशी सावकाश खाली बसली.