होडीची डावी बाजू

आम्ही दोघं वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत होतो. तो ड्रॉइंग ऑफिसला, मी खरेदी विभागात. त्यामुळे लग्नानंतरही अहो-जाहो कधी जमलं नाही. रविवारी घरात बसणंही जमलं नाही. डबा, पेन्सिली आणि चिमटा लावलेल्या दोन फळ्या घेऊन निघायचं. कधी आंबिवलीला उतरून काळू नदीच्या काठी, कधी एसटीने मुरबाडच्या बाजाराला, नाहीतर डोंबिवलीतच खाडीवर. बाहेर पडता आलं नाही तर गॅलरीतून दिसणारे समोरच्या गच्चीवरचे कावळे. नियम दोनच. चित्र जागेवर पुरं करायचं, घरी आणून गिरवत बसायचं नाही. आणि एकमेकांच्या कागदाला हात लावायचा नाही.

मागच्या वर्षी नवऱ्याला मेंदूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीब समजा, चित्राचा हात वाचला." मलाही तसंच वाटलं होतं.

मग ताटाकडे लक्ष गेलं. पोळी-भाजी संपलेली असायची आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. वर मलाच विचारायचा, "आज कोशिंबीर नाही केलीस?" दाढी करायचा ती एकाच गालाची. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, पण डावी बाजू असते हेच त्यांच्या मेंदूच्या ध्यानात येत नाही. जे सुधारायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत सुधारतं. चित्रं काढू द्या, तेवढाच व्यायाम.

ते महिने गेले. तरी मी चित्रांवर भरवसा ठेवून होते. डावी बाजू परत आलीच तर आधी कागदावर दिसेल, असं माझं गणित होतं.

खाडीवर रिक्षा जवळजवळ पाण्यापर्यंत जाते, म्हणून त्याला तिथे न्यायला लागले. प्लॅस्टिकची खुर्ची सोबत. काठावर एक कोळीण मासे निवडत बसते. आम्हाला ती कैक वर्षं ओळखते. तिची होडी ओहोटीला चिखलात कलती पडलेली असते. त्याने ती काढायला घेतली. उजवीकडचं टोक, वल्हं, दोर. रेघा पूर्वीसारख्याच, एका दमात ओढलेल्या. होडीच्या मध्यावर पेन्सिल थांबली. "झालं," तो म्हणाला. डावीकडे कोरा कागद.

कोळीण हात पुसत आली. "दादा, अर्धीच होरी कारलीस? बाकीची काय चिंबोऱ्यांनी खाल्ली?"

"अख्खी आहे की. चष्मा लागलाय तुला."

"मना चष्मा? सुईत दोरा ओवते मी अजून!"

दोघं हसले. ती कशावर बोलली ते त्याला कळलंच नव्हतं.

पुढच्या खेपांनाही तेच. बगळा एका पंखाचा, तिवराचं झाड अर्धं. "डावीकडे बघ" म्हटलं की जरासा बघायचा, आणि पुन्हा उजवीकडे. शेवटी एका दुपारी तो झोपलेला असताना मी त्याची होडी जेवणाच्या टेबलावर घेतली आणि राहिलेली अर्धी काढून टाकली. आधीची रेघ धरून त्याची नजर पुढे डावीकडे सरकेल, असा विचार होता. माझी रेघ तुटक, त्याच्याशी जुळत नाही. जुळवण्याच्या भानगडीत पडले नाही. नियम मोडला हे खरं. पण नियम केला तेव्हा हे असलं काही डोक्यात नव्हतं.

पुढच्या रविवारी खऱ्या होडीसमोर बसवून कागद त्याच्यापुढे धरला. त्याने नीट पाहिला.

"बरी आलीय. दोराला जरा ताण हवा होता."

"आणि इकडे?"

"इकडे कुठे?"

मी बोट ठेवलं. त्याने बोटाकडेही पाहिलं नाही.

"दाव बघू," म्हणत कोळणीने कागद घेतला. "बाय, आता पुरी झाली गं होरी!" आणि बघून झाल्यावर त्याच्या मांडीवर परत ठेवला, तो वरची कड खाली करून. माझी अर्धी होडी, उलटी होऊन, त्याच्या उजवीकडे आली.

त्याचा चेहरा बदलला. "हे काय? ही तुझी रेघ आहे. माझ्या कागदाला हात लावलास?"

त्याने ओळखली याचा क्षणभर आनंदच झाला.

"मग माझं कुठे गेलं?" त्याने विचारलं. चिडला नव्हता. हरवलेलं पाकीट शोधावं तसं आधी मांडीवर, मग खाली चिखलात बघत होता. त्याचं चित्र त्याच कागदावर, डाव्या हाताशी होतं.

मी कागद सुलटा केला. "हे बघ."

"हां, हे." त्याला हायसं वाटलं. माझी होडी त्याच्यापुरती नाहीशी झाली. "पुन्हा असं करू नकोस. नवा कागद दे, भरती यायला वेळ आहे."

कोळीण पुन्हा मासे निवडायला बसली. मी पिशवीतून नवा कागद काढला, मधोमध दुमडला आणि अर्धा त्याच्या फळीला लावला. तेवढा त्याला पुरतो.