तबला लावताना

परवा देवळात गाणं होतं. शेजारच्या मालूताई सुमीला घेऊन दाराशीच टेकल्या. लेक चाळिशीची, पण बुद्धीनं लहानच राहिलेली. लोकांनी वळून बघितलं की मालूताई उठतात. कितीतरी गाणी दोघींनी अशी अर्धीच ऐकलीत बघा.

तबलजी हातोडीनं तबला लावू लागला, आणि सुमीनं कडाडून टाळ्या वाजवल्या! माना वळल्या. "चल गं," म्हणत मालूताई उठल्याच.

"थांबा हो ताई," तबलजी हसला, "ठोकाठोकीला दाद पहिल्यांदाच मिळतेय!" आणि सुमीकडे बघून त्यानं आणखी एक थाप दिली.

आम्ही गाणं सुरू व्हायची वाट बघत होतो. सुमीचं कधीच सुरू झालं होतं. इतकी वर्षं ऐकतेय, पण तबला लावताना मी कधी कान दिला नव्हता.

मालूताई क्षणभर घुटमळल्या. मग मला म्हणाल्या, "सरका हो जरा. ऐसपैस बसू दे आम्हाला."