दोन्ही हातांनी लिहिणारे सर

आमच्या कॉलेजात गणिताचे एक सर होते. उजव्या हाताने फळ्यावर गणित मांडायचे आणि त्याच वेळी डाव्या हाताने ते उलट्या टोकाकडून सोडवत यायचे. मधोमध दोन्ही खडू एकमेकांना टेकले की तिथे उत्तर. हे मी बाबांना जेवताना सांगितलं, आणि बाबांचा घास हातातच राहिला. सरांना मी तोवर पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

रायपूर तेव्हा नवीनच राजधानी झालं होतं आणि गावात जागेची अशी टंचाई होती की टपरीवाला पानाला चुना लावून मागे वळेस्तोवर टपरीत एखादं संचालनालय थाटलेलं असायचं. आमच्या बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला चौदा नंबरची खोली होती. पहिले तीन दिवस सर आलेच नाहीत. चौथ्या दिवशी खोलीत लाल फडक्यांत बांधलेल्या फायली होत्या, एक साहेब होते, आणि दाराशी स्टुलावर एक चपराशी. वर्ग कुठेतरी हलवला होता. कुठे, ते विचारायचं होतं.

“भैया, बीएस्सी फर्स्ट ईयर कहाँ लगती है?” सात शब्द. दुसऱ्या दिवशी चौबे कॉलोनीपासून सायकलवर मी ते घोकत आलो. चपराशाने मान वर केली आणि काय शोधतोस म्हणून छत्तीसगढीत विचारलं.

“का खोजत हस, बाबू?”

“पानी,” मी म्हणालो.

त्याने माठातला पेला भरून दिला. पुढचे आठ दिवस मी रोज सात शब्द घेऊन यायचो आणि पाणी पिऊन जायचो. त्या आठवड्यात मी एकट्याने खारून नदी गुडघ्यापर्यंत उतरवली असेल.

नवव्या दिवशी पोरांचा एक लोंढा एका हॉलमध्ये शिरला, त्यांच्याबरोबर मीही शिरलो. आतल्या बाजूला भिंतीला चिकटून बसलो. सरांनी जगाचा नकाशा टांगला. हा भूगोलाचा वर्ग होता. उठायला हवं होतं, पण बाकावर माझ्या अलीकडे पाच जण, दार सरांच्या कोपराशी, आणि हॉलमध्ये दीडशे डोकी, म्हणजे तीनशे डोळे. उद्या बदलू, असं ठरवलं. ते उद्या जानेवारीपर्यंत पुरलं.

भूगोलाच्या रजिस्टरात माझं नाव नव्हतं. गणिताच्या रजिस्टरात नाव होतं, तर तिथे मी नव्हतो. शेजारच्या पोराने एकदा विचारलं, “तेरा रोल नंबर क्या है? कभी बोलता ही नहीं.” मी म्हणालो, “बाद में.” तेव्हापासून तो मला बादमें म्हणायला लागला. “बादमें, थोडा सरक.” सहा महिन्यांत कॉलेजात माझ्याशी कोणी बोललं ते एवढंच.

घरी मात्र माझं तोंड नळासारखं सुटायचं. बाबा रेल्वेत क्लार्क. गणित त्यांना फार आवडायचं, पण मॅट्रिकनंतर नोकरी लागली आणि ते सुटलं. म्हणून रोज पानावर बसले की पहिला प्रश्न, “काय शिकवलं बाप्पा आज?” आता या माणसाला मी मोसमी वारे सांगू? मी दोन हातांचे सर काढले. मग ते सर कॅल्क्युलेटरशी शर्यत लावून जिंकले. मग त्यांनी एक गणित इतकं लांब घातलं की फळा संपला, भिंत संपली आणि शेवटची ओळ व्हरांड्यात लिहिली. आई म्हणायची, “काहून उगाच फेकून राहिला?” बाबा तिला गप्प करायचे. “तुले काय समजते त्याच्यातलं. आफिसात चहा थंडा होते, याच्या मास्तरची गोष्ट निघाली की.”

जानेवारीत परीक्षेचे फॉर्म आले. हजेरीसाठी गणित विभागाची सही लागायची. ती नसेल तर परीक्षा नाही, वर्ष गेलं. मी म्हणालो, मी आणतो. बाबा म्हणाले, “मले भेटायचं आहे ना त्यायले.” अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि सदर बाजारातून सरांसाठी पेन आणले. दोन. एकेका हातासाठी एकेक.

सर लहानसे होते, सर्दीने बेजार. रजिस्टरवर बोट फिरवत गेले. ओळभर गैरहजेरी.

“इसे तो मैंने कभी देखा नहीं, भाई साहब.”

“ऐसा कैसे, साहेब. रोज आता है,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिले. सर उजव्या हाताने लिहीत होते. डाव्यात रुमाल होता. बाबांनी पेनांचं पुडकं खिशातून काढलंच नाही.

बाहेर आलो तर चौदा नंबरच्या दारातल्या चपराशाने मला पाहून पेला भरला.

“तुले ओळखते हा?” बाबांनी मला विचारलं. मी पेला तोंडाला लावला. चपराशीच म्हणाला, “हव, रोज आवत रहिस बिचारा.”

स्कूटर पंडरीच्या गर्दीत अडकली तेव्हा मी मागून सगळं सांगितलं. खोली, पाणी, नकाशा. बाबा पुढे बघत होते.

“मंग तो दोन हातांचा?”

“नव्हता.”

पुढची रिक्षा सरकली, आम्ही सरकलो. बाबा म्हणाले, “भूगोल सांगतला असता तं भूगोल आयकला असता मी.”

वर्ष गेलं. पुढच्या जुलैत मी गणिताचा खरा वर्ग शोधला, म्हणजे बाबांनी आधी जाऊन खोली बघून ठेवली. माझ्याहून वर्षाने लहान पोरांत बसलो. हजेरीला आवाज फुटायचा नाही, हात वर करायचो, सरांनी वर पाहिलं तर खूण, नाहीतर गैरहजर. ते एकाच हाताने शिकवायचे, पण चांगलं शिकवायचे. एकदा त्यांनी अनंत श्रेणीची बेरीज करून दाखवली, आणि ती मी रस्ताभर जपून घरी आणली.

पानावर बसलो. बाबांनी वरण वाढून घेतलं, भात कालवला, आणि आईला विचारलं, “मीठ कमी टाकलं काय आज?”