मारियाआजींकडे राहिलेला डबा

असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी खिल्ली उडवणारा मीच. दुबईत रास अल खोरला माझं एसी डक्टिंगचं वर्कशॉप आहे. पत्रा मापात कापला तर बसतो, नाही तर नाही — माझा विश्वास एवढाच. तरीही हे लिहितोय...

आम्ही शारजात, अल मजाजला राहतो. बाबा गेल्यावर आईने जेवण जवळपास सोडलं. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी खरंच घाबरलो. हवापालट म्हणून ईदच्या सुट्टीत आम्ही तिला पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर नेलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही; मच्छीमारांचं साधं गाव आहे, तिथे उगाच गर्दी नको.

बायकोचे, म्हणजे मीनलचे नियम कडक होते. एकाच गावात राहायचं, पायी हिंडायचं, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. मी दोन दिवसांत कंटाळलो. आई मात्र शेजारच्या मारियाआजींच्या अंगणात रमली. भाषेची बोंब, तरी दोघींच्या गप्पा संपत नव्हत्या!

निघताना आईने त्यांना बेसनलाडू दिले, बाबांचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून. आपल्याकडे डबा भरून परत येतो. मारियाआजींना हे कुठून ठाऊक? त्यांना वाटलं, डबाही भेटच.

"मागून आणू का?" मी विचारलं.

आई चिडली. "डबा कधी मागतात का रे?"

शारजात आल्यावर ती रोज विचारायची, "डबा आला का?" खाणं आणखी कमी झालं. शेवटी नळीचा दिवसही ठरला.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी आम्ही मुलीला शाळेतून घेऊन घरी आलो. आई एकटीच घरात, खोलीत झोपलेली. किचनच्या ओट्यावर डबा! आत बदाम भरलेली सुकी अंजिरं.

"पपा, धिस इज आजीज डबा! हू ब्रॉट इट?" मुलगी ओरडली.

मी खाली वॉचमनला गाठलं. "साब, कोई नहीं आया. पार्सल भी नहीं."

मग पोर्तुगालला रुईला फोन लावला. त्याच्याच घरात आम्ही खोली घेतली होती. तो मारियाआजींना विचारून आला.

"तुझी आई सकाळी येऊन डबा घेऊन गेली म्हणतात. मासे घालून केलेलं सूपही प्यायली. तुम्ही परत आलात, मला कळवलं का नाही?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी आईने स्वतःहून वरणभात मागितला. मीनल स्वयंपाकघरात जाऊन रडली. आता आई रोज जेवते, नळी टळली. कुरिअर, कोणाची चेष्टा, आमचाच विसर... सगळं तपासून झालं.

एकदाच आईला विचारलं. ती अंजीर चावत म्हणाली, "एकटीच जेवते रे मारिया. समोर कोणीतरी बसायला नको का?"

दुपारी आईची खोली बंद असली की आता आम्ही दार वाजवत नाही.