तळ्यावरचा नावाडी

पांढरकवड्याहून डोंगरातल्या गावांना मी देवी टोचायला जायचो. वाटेत मोठं तळं होतं. पावसाळा असो, उन्हाळा असो, एकच नावाडी मला पलीकडे न्यायचा. नावेत आम्ही दोघंच, तरी तो फारसा बोलत नसे. डोंगराकडे बघत एवढंच म्हणे, "पानी उतरून राह्यलं, साहेब," नाहीतर, "बगळे आले."

छप्पन साली त्याच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पुढच्या उन्हाळ्यात तळ्याच्या मधोमध मला खोकला लागला. त्यानं आपला तांब्या पुढं केला. असं तो पूर्वी कधी करत नसे.

"घ्या साहेब. घरच्या माठातलं हाये."

माझा हात उठला नाही. "नको, तहान नाही," मी म्हणालो.

तो क्षणभर तांब्या धरून राहिला. मग स्वतः दोन घोट प्याला आणि वल्हं मारू लागला.

ती गोष्ट मला टोचत राहिली. हिवाळ्यात मीच, पहिल्यांदा अहोजाहो करत, म्हणालो, "तुमच्या तांब्यातलं पाणी द्या जरा."

"तांब्या आता घरीच ठेवतो," तो म्हणाला. "तळं भरेल हाये. ओंजळीनं प्या."

मी नावेच्या काठावरून वाकलो. नाव हलू नये म्हणून त्यानं वल्हं थांबवलं.